तेलरंगावरचा चुना

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. धाकट्या बहिणीने शाळेत असताना माझी कंपासपेटी हरवली होती, ते मी तिला अजून ऐकवते. तेव्हा ज्या माणसाने माझ्या वडिलांना घरात बसवलं, त्याला मी तेवीस वर्षांत विसरले असेन असं कोणी समजू नये.

म्हणूनच कंपनीने विचारलं की तीनपैकी कुठल्या साइटवर सुपरवायझर म्हणून जाणार, तेव्हा मी घराजवळचं शाळेचं सोपं काम सोडलं आणि गावाच्या मध्यावरची ती पाच मजली, ऑफिसांची जुनी इमारत मागून घेतली. साहेब म्हणाले, तिथे धूळ फार आहे. मी म्हटलं, मला ती धूळ ओळखीची आहे.

बाबा त्या इमारतीत लिफ्टमन होते. एकोणीस वर्षं. लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यासारखी लिफ्ट, सरकता दरवाजा आणि आत पितळी हँडल धरून उभे असलेले बाबा. एका बुधवारी सकाळी ती लिफ्ट पहिल्या मजल्यावरून सुटली आणि खालच्या खड्ड्यात आदळली. आत दोघंच होते. बाबांचं मनगट मोडलं. दुसऱ्या मजल्यावरच्या टायपिस्ट बाईंचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. इमारतीच्या मॅनेजरने लिहून दिलं की लिफ्टमनने झटका देऊन हँडल ओढलं म्हणून हे झालं. बाबांनी राजीनाम्यावर डाव्या हाताने सही केली आणि घरी आले. दवाखान्यात टायपिस्ट बाईंना भेटायला गेले, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर बाबा त्या रस्त्याने एकदाही गेले नाहीत. बाजाराला जायचं तरी लांबचा वळसा घालून जात.

तुम्ही बोलत का नाही, असं मी शंभर वेळा विचारलं असेल. ते म्हणायचे, जाऊ दे.

मॅनेजरने लिफ्ट दुरुस्त केली नाही. दारं विटांनी बुजवून टाकली. पाच मजले रोज कोण चढणार? एकेक ऑफिस निघून गेलं. ऑफिसं गेली तशी खालची दुकानं बसली, आधी झेरॉक्सवाला, मग चष्म्यांचं दुकान, मग स्टेशनरी. सात शटर खाली आली ती वर गेलीच नाहीत. तो रस्ता असा झाला की दिवसाढवळ्याही माणूस पलीकडच्या फुटपाथने जायचा.

आता नव्या मालकांना तो रस्ता पुन्हा जागता करायचा होता. सातही शटर काढून रस्त्याकडे उघडी दुकानं, बसायला कट्टे, आणि बरोबर मध्ये, जिथे पूर्वी लिफ्टचं बुजवलेलं दार होतं, तिथली पुढची भिंत पाडून खालपासून वरपर्यंत काच. आत नवी लिफ्ट. आर्किटेक्ट बाई म्हणायच्या, रस्त्यावरून जाणाऱ्याला इमारतीच्या पोटात काय चाललंय ते दिसलं पाहिजे. शाफ्टची मागची भिंत त्यांना जुनीच हवी होती. फक्त साफ करा, खाली जे निघेल ते राहू द्या, असं त्यांनी नकाशावर हाताने लिहून सही केली होती. तो नकाशा मी जपून ठेवला होता, का ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

पुढची भिंत पाडून झाल्यावर मिस्त्रींनी मागच्या भिंतीला तारेचा ब्रश लावला. दहा मिनिटांत त्यांनी हाक मारली.

"ताई, इथे चुना कोणी मारलाय?"

"का?"

"हात लावला की पापुद्रे पडताहेत. खाली तेलरंग आहे. तेलरंगावर चुना धरत नाही, हे रंगाचा डबा हातात घेतलेल्या कोणालाही ठाऊक असतं."

"मग मारणाऱ्याने रंगाचा डबा हातात घेतला नसेल."

"नाहीतर घाईत असेल," मिस्त्री म्हणाले आणि बाजूला झाले.

मी टॉर्च धरला. काळ्या तेलरंगात बारीक ब्रशने लिहिलेल्या ओळीच ओळी होत्या. अक्षर मी ओळखलं. जुन्या लिफ्ट मेकॅनिकचं होतं, मी लहान असताना मला नटबोल्ट खेळायला देणाऱ्या माणसाचं. त्याची पद्धतच होती ती. प्रत्येक दुरुस्तीची तारीख, काय केलं आणि कोणाला काय सांगितलं, हे सगळं तो लिफ्टच्या जाळीतून हात घालून मागच्या भिंतीवर लिहायचा. कागद साहेबांच्या कपाटात जातो, भिंत कुठे जाणार, असं तो म्हणायचा. अपघाताच्या आठवड्यातच त्याचं काम काढून दुसऱ्याला दिलं गेलं, आणि पुढे दोन वर्षांत तो वारला.

शेवटची ओळ अपघाताच्या अकरा दिवस आधीची होती. "दोर झिजला. तीन तारा तुटल्या. बदलायला सांगितलं. मॅनेजर म्हणाले, महिनाअखेरपर्यंत चालवा."

मी ती ओळ चार वेळा वाचली. मग उलट्या बादलीवर बसले आणि हसायला लागले. मिस्त्रींना वाटलं असणार बाईला ऊन लागलं. मला एवढंच दिसत होतं की पुढे काच आहे, समोर भरलेला रस्ता आहे, आणि उद्घाटनाची दोरी ओढायला येणार आहे तो मॅनेजरच. हो, तोच. सत्तरी ओलांडलेला, जुन्या ऑफिसवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. इमारत जिवंत ठेवली म्हणून त्याचा सत्कार होणार होता. अशी संधी आयती चालून येते तेव्हा तिच्याकडे पाठ फिरवणारी मी नाही.

त्याच संध्याकाळी मी टायपिस्ट बाईंचं घर शोधून काढलं. साठीच्या घरात आलेल्या, एका खोलीत एकट्या राहणाऱ्या. दार उघडलं, मी कोणाची मुलगी ते ऐकलं आणि दार बंद करायला लागल्या.

"बाई, फक्त उद्घाटनाला या," मी म्हटलं. "खरं काय झालं होतं ते भिंतीवर लिहिलेलं आहे. तुम्ही स्वतः वाचा. मी काही सांगत नाही."

"तुझ्या बापाचं नाव धुवून निघणार असेल तर मला बोलावू नकोस."

"वाचून ठरवा," मी म्हटलं. माझ्या मनात तेव्हा शंका म्हणून नव्हती.

त्या येते म्हणाल्या. मी घरी जाताना मिठाई घेतली आणि बाबांना काही सांगितलं नाही. त्यांना एकदम तिथे नेऊन उभं करायचं, असे मनातल्या मनात मांडे खात होते.

तीन दिवसांनी मॅनेजर साइटवर आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात चांदीच्या मुठीची काठी. मला ओळखलं नाही. हेल्मेट घातलेल्या बाईकडे तो बघतच नव्हता, माझ्या डोक्यावरून बोलत होता.

"ती मागची भिंत रंगवून घ्या. काचेतून कशी दिसेल ती?"

"आर्किटेक्टना जुनीच हवी आहे," मी म्हटलं. "जवळून बघा ना. वाचण्यासारखी आहे."

तो पुढे झाला. चष्मा वर केला. ओळ वाचत गेला तसतसा त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला, आणि ते बघताना मला जे सुख झालं ते मी लपवणार नाही.

"मी लिफ्टमनची मुलगी," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं आणि अगदी शांतपणे काठी उचलून भिंतीच्या खालच्या भागावर टेकवली.

"वरचं वाचलंस. आता खालचं मोज."

खाली लाल मेणाच्या खडूने काढलेल्या रेघा होत्या. खोक्यांवर खुणा करायचा तो जाडा खडू बाबांच्या खिशात कायम असायचा. दर सोमवारची तारीख, आणि तिच्यापुढे सहा उभ्या रेघा. रोज सकाळी रिकामी लिफ्ट वर नेऊन खाली आणायची, दोराचा आवाज ऐकायचा आणि सगळं ठीक असेल तर रेघ काढायची, हा लिफ्टमनचा नियम. मेणावरही चुना धरला नव्हता. त्या रेघांवरून मी दोन दिवस प्रेमाने हात फिरवला होता, पण मोजल्या नव्हत्या.

"शेवटची रांग," मॅनेजर म्हणाला. "अपघात बुधवारी सकाळी झाला. रेघा किती आहेत?"

सहा होत्या.

"गुरुवार, शुक्रवार, शनिवारच्या कोणी काढल्या? लिफ्ट खड्ड्यात होती. तुझ्या बापाचा हात प्लास्टरमध्ये होता." त्याने काठी खाली घेतली. "सोमवारी आठवड्याच्या सगळ्या रेघा ओढून मोकळा व्हायचा. मी त्याला तेव्हाच इथे आणून दाखवलं. म्हणून तर तो गुपचूप गेला. आणि मी चुना मारून घेतला. त्याचंही झाकलं, माझंही झाकलं. तूही रंगवून घे, शहाणी असशील तर."

तो गेल्यावर मी मिस्त्रींना म्हटलं, "थिनर आणा. लाल तेवढं पुसायचं. काळ्याला धक्का लागता कामा नये."

मिस्त्रींनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पुसता येईल. उद्याची सकाळ लागेल." मग जाता जाता म्हणाले, "कोणाच्या रेघा आहेत, त्यांना एकदा विचारून घ्या."

मी घरी गेले ती विचारायला नव्हे, भांडायला. बाबा ओट्याशी लसूण सोलत बसले होते. मी चपलाही काढल्या नाहीत.

"सोमवारी सहा रेघा ओढत होतात?"

त्यांच्या हातातली पाकळी तशीच राहिली. म्हणाले, "म्हणजे भिंत उघडली."

"उत्तर द्या."

"पहिली आठ-नऊ वर्षं रोज फेरी मारली. पोरी, अगदी रोज. पण साडेआठला लिफ्टसमोर रांग लागलेली असायची, रिकामी लिफ्ट वर नेली की लोक शिव्या घालायचे. एक दिवस सोडला, काही झालं नाही. मग आठवडा सोडला. मग सोमवारी एकदम काढायला लागलो."

"आणि त्या बुधवारी फेरी मारली असती तर?"

"आवाज आला असता."

"नक्की?"

"तीन तारा तुटलेला दोर ओरडतो. मला कळला असता." त्यांनी लसणाची पाकळी खाली ठेवली. "मी रोज सकाळी तोच विचार करतो. तू नवीन काही सांगत नाहीयेस."

मला त्यांचा राग आला. खरं सांगते, मॅनेजरचा आला नव्हता एवढा आला. तेवीस वर्षं मी यांच्या बाजूने दात-ओठ खात होते, नातेवाइकांशी भांडत होते, आणि हे आत बसून लसूण सोलत होते. मी म्हटलं, उद्या सकाळी सगळ्या रेघा पुसून टाकते, मग त्याच्याकडे दाखवायला काही उरणार नाही. तुमचं नाव निघणार नाही, आणि तो मात्र पुरता तोंडघशी पडेल.

"पुसू नकोस."

"का?"

"मी त्याला कधी घाबरलो नाही. त्या रेघांना घाबरलो. त्याच्या हातात तेवढंच आहे." बाबांनी हात पंच्याला पुसले, सावकाश, एकेक बोट. "तू पुसलंस तर तो सगळीकडे सांगत फिरेल की मुलीने बापाच्या रेघा पुसल्या, आणि ते खरं असेल. मीच सगळ्यांसमोर सांगितलं तर त्याच्याकडे काय राहिलं?"

"टायपिस्ट बाई येणार आहेत. मी बोलावलंय."

त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, आता माघार घेतील. पण त्यांनी मान वर केली, आणि त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं की डूख धरायचं माझ्यात कुठून आलंय ते मला चाळिसाव्या वर्षी कळलं.

"बरं केलंस," ते म्हणाले. "मीही येतो. तो दोरी ओढेल तेव्हा मला पुढे बसव."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. भिंतीचं काय केलं? मी म्हटलं, झाकून घेतलीय. आणि घेतली होतीच. काचेवर वरून खाली निळा पडदा सोडला होता, दोरी मॅनेजरच्याच हातात यायची होती.

दुपारी चारचा कार्यक्रम. सातही दुकानं उघडी, कट्ट्यांवर माणसं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी. बाबा पहिल्या रांगेत. बुजवलेल्या दारांच्या जागी उजेड बघून ते नुसते इकडून तिकडे बघत होते. टायपिस्ट बाई कडेच्या खुर्चीवर, काठी आडवी मांडीवर. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

मॅनेजरने बाबांना पाहिलं तेव्हा क्षणभर तो अडखळला. पण माईकवर नाव पुकारलं गेलं होतं, हारवाले उभे होते, फोटोवाले वाकले होते. त्याने इमारतीवर प्रेम केल्याचं दोन मिनिटं सांगितलं आणि दोरी ओढली.

पडदा खाली आला. नवी लिफ्ट मी मुद्दाम पाचव्या मजल्यावर पाठवून ठेवली होती. मागच्या भिंतीवर खालून दिवा सोडला होता. काळी अक्षरं रस्त्यापर्यंत वाचता येत होती, आणि कोणीतरी ती मोठ्याने वाचायला लागलं. "मॅनेजर म्हणाले, महिनाअखेरपर्यंत चालवा" हे शब्द तीन-चार तोंडांतून एकदम आले. माईकवाल्याने माईक बंद करायचा सोडून तो तसाच मॅनेजरच्या हातात ठेवला.

"खालच्याही रेघा वाचा," मॅनेजर म्हणाला. आवाज चिरकला होता. "लाल रेघा. ज्या दिवशी लिफ्ट चाललीच नाही त्या दिवसांच्या. विचारा कोणाच्या आहेत त्या."

बाबा उठून उभे राहिले. "माझ्या आहेत," ते म्हणाले. "सकाळची फेरी न मारता मी रेघा काढत होतो. मारली असती तर दोराचा आवाज आला असता आणि मी लिफ्ट बंद ठेवली असती. हा माझा दोष आहे. आणि वरची ओळ त्यांची आहे."

एवढंच बोलून ते उभेच राहिले. तेवीस वर्षं जपून ठेवलेली वस्तू माणसाने बाहेर काढावी आणि समोरच्याने ती आधीच टेबलावर ठेवलेली असावी, तसं मॅनेजरचं झालं होतं. मी ते डोळे भरून पाहिलं.

टायपिस्ट बाई उठल्या. काठी टेकत काचेपाशी गेल्या, वरची ओळ वाचली, खाली वाकून रेघा मोजल्या. गर्दी आपोआप बाजूला झाली होती. मग त्या मॅनेजरकडे वळल्या.

"तीन तारा तुटल्यात हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्या काळी तशी पद्धत होती. सगळ्या इमारतींमध्ये थोडंफार..."

"त्या अकरा दिवसांत तुम्ही लिफ्टने वर गेलात?"

त्याने माईक खाली घेतला. तुमचं ऑफिस चौथ्या मजल्यावर होतं ना, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्याने हारवाल्यांकडे पाहिलं.

"जिन्याने जायचे," बाबा म्हणाले. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणाले होते. मी रोज नमस्कार करायचो आणि ते जिन्याकडे जायचे. मला तेव्हा वाटलं, तब्येतीची काळजी घेतायत."

कोणी ओरडलं नाही, कोणी शिव्या दिल्या नाहीत. हार घेऊन उभ्या असलेल्या माणसाने हार परत टोपलीत ठेवला. फोटोवाला मात्र फोटो काढत होता. मॅनेजरने माईक खुर्चीवर ठेवला आणि गर्दीतून वाट काढायला लागला. वाट मिळत होती, पण सावकाश, आणि प्रत्येक जण त्याच्याकडे बघून मग बाजूला होत होता. त्या संपूर्ण रस्त्याची लांबी त्याला चालावी लागली. मला हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं, आणि मला बरं वाटलं. त्याबद्दल कोणी मला शहाणपणा शिकवू नये.

टायपिस्ट बाई बाबांसमोर येऊन उभ्या राहिल्या. मी पुढे झाले. बाबांनी हात आडवा धरून मला मागे ठेवलं.

"रोज सकाळी हा पाय बांधताना मी तुम्हाला शिव्या देते," त्या म्हणाल्या. "तेवीस वर्षं, एकही दिवस चुकवला नाही."

"मला अंदाज होता."

"आजपासून अर्ध्या त्यांना देईन." त्यांचा आवाज खाली आला, पण मऊ झाला नाही. "तुमच्या अर्ध्या मात्र बंद करणार नाही."

मला म्हणायचं होतं की बाई, त्यांनी स्वतःहून सांगितलं, एवढ्या लोकांसमोर सांगितलं, आता तरी सोडा. माझ्या ओठांपर्यंत आलं होतं ते. पण बाबांनी मान हलवली, मला नव्हे, त्यांना.

"नका करू बंद," ते म्हणाले.